घोरतात की घोरायचे

बोरूनं बुटांच्या एका जोडीसाठी मैत्रिणीचा बाप विकला, असं आमच्या गल्लीत म्हणायचे. तिच्या तोंडावर कोणी म्हणत नसे, कारण गल्लीतल्या झाडून सगळ्या कोटांचे काज तीच करायची, आणि तिच्याशी वाकडं घेऊन कोट उघडा टाकून हिंडण्याची कोणाची छाती नव्हती. पण ती जिना उतरून गेली, की मागे राहिलेल्या बायका आवाज खाली आणायच्या. बूट तपकिरी होते. छे, काळे होते. नाड्यांचे होते, नाही, बकलाचे होते. कचेरीतल्या साहेबानं स्वतः मापाचे आणून दिले, आत कागदात गुंडाळलेले. दर खेपेला बूट जरा जास्तच भारी व्हायचे. माझ्या मावशीच्या तोंडी तर शेवटी शेवटी त्यांना आतून लोकर लागली होती. मावशीला विचारलं, तू बघितलेस का गं? तर म्हणे, बघायचं काय त्यात, सगळ्यांना माहीत आहे.

बोरू हे काही तिचं खरं नाव नव्हे. लढाईच्या दिवसांत ती इतकी वाळलेली होती, की वर्गातल्या मुली म्हणायच्या, हिचं टोक काढून दौतीत बुडवा आणि लिहा. त्यात ती लिहायचीही सुरेख. मग बोरूच पडलं नाव. पुढे म्हातारपणी ती चांगली गोल गरगरीत झाली, तरी नाव काही सुटलं नाही. गल्ली एकदा नाव ठेवते ती आयुष्यभरासाठी.

लढाई सुरू होऊन बरीच वर्षं झाली होती. बोरू आणि तिची आई वरच्या मजल्यावर, पाण्याच्या टाकीला लागून असलेल्या खोलीत राहायच्या. बाप लढाईच्या पहिल्याच थंडीत गेला होता. आई घोंगड्यांच्या कारखान्यात लोकर पिंजायची, आणि लोकरीचा बारीक धुरळा छातीत बसून रात्रंदिवस खोकायची. तिच्या वाट्याच्या पावातला अर्धा बोरूला. बोरूच्या वाट्याला शाळेतलं सूप. सूप म्हणजे कोबीनं आंघोळ करून सोडलेलं पाणी, पण गरम असायचं. ते सूप आहे म्हणून मुली शाळेत यायच्या. व्याकरण शिकायला कोण मरायला येतंय?

सकाळी शाळा, दुपारी सूप, आणि सूप पोटात गेलं की मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चिंध्या. आघाडीवरून परत आलेल्या गणवेशांची गाठोडी तिथे पडलेली असायची. मुलींनी त्यांची बटणं, हुक, बकलं उसवून काढायची. काही सदऱ्यांना छातीवर गोल भोकं असायची, भोवती कडक, काळं. एखादी नवी मुलगी हात आखडून बसली, की देखरेखीवरची जाडी बाई म्हणायची, "भोकं नको बघूस, बटणं बघ. भोकांना भाव नाही."

अशात वरून हुकूम आला, की प्रत्येक मुलीनं रोजनिशी लिहायची. लढाई जिंकल्यावर त्याचं पुस्तक निघणार होतं, कठीण काळात आपल्या मुली कशा हसतखेळत वाढल्या ते पुढच्या पिढ्यांना कळावं म्हणून. तपासायचं काम व्याकरणबाईंकडे आलं. या बाईंचं लग्न कर्ता-कर्म-क्रियापदाशी लागलं आहे, असं मुली म्हणायच्या. बाईंच्या लाल शाईतून अनुस्वारसुद्धा सुटत नसे.

पहिल्या आठवड्यात सगळ्या वह्यांत एकच मजकूर आला. उठले, चिंध्या काढल्या, झोपले. बाईंनी वह्या टेबलावर आपटल्या.

"ही रोजनिशी आहे का धोब्याची चिठ्ठी? जिच्या पानात जीव नाही तिला सूप नाही."

आणि खरंच दिलं नाही. मुली रिकाम्या वाट्या घेऊन भिंतीला उभ्या राहिल्या. सूप मिळालं ते एकट्या बोरूला. तिच्या पानात आई पिंजताना गाणं म्हणत होती आणि खिडकीत रोज एक कबुतर येऊन मान वाकडी करून ऐकत होतं. आईनं गाणं म्हटल्याला दोन हिवाळे उलटले होते, आणि कबुतर तळमजल्यावरच्या काकांनी कधीच खाल्लं होतं. पण पान वाचून बाईंचे डोळे ओले झाले.

दुसऱ्या दिवसापासून बोरूचं दुकान सुरू झालं. ती प्रत्येकीच्या वहीत प्रत्येकीच्या अक्षरात लिहायची. एकीचं अक्षर उजवीकडे कललेलं, एकीचं मुंग्यांसारखं, एकीचा प्रत्येक काना शेवटी वळलेला. सगळी अक्षरं बोरूच्या बोटांत होती. मोबदला पावाचा तुकडा, साखरेचा खडा, नाहीतर मेणबत्तीचं बूड. मात्र तिची एक अट असायची.

"एक खरी गोष्ट दे," ती म्हणायची. "तुझ्या घरातली. चमचाभर पुरे. विरजण लागतं गं, त्याशिवाय खोटं जमत नाही."

एक मुलगी म्हणाली, "आमच्याकडे कसलं आलंय खरं? आजी मेली."

"मग तेच दे."

"ते नको बाई. महिनाअखेरपर्यंत तिचा पाव उचलायचा आहे. आईनं तिला खिडकीबाहेरच्या सज्जात ठेवलंय, तिथे थंड असतं. तू कुणाला बोललीस तर जीभ उपटीन."

मग त्या वहीत आजी महिनाअखेरपर्यंत जिवंत राहिली. गोष्टी सांगत होती, मोजे विणत होती. बाईंनी समासात लिहिलं, आजीला नमस्कार सांग.

आता पोपट. तळमजल्यावर मागच्या अंगाला एक इस्त्रीवाली राहायची, तिची ही मुलगी. कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर जिभेवर तयार, म्हणून पोपट. व्याकरणात तर असली पक्की, की बाईंचंच चुकेल, हिचं चुकणार नाही. बाप मोची होता. लढाईवर गेला आणि वर्षभरानं कागद आला की सापडत नाही. सापडत नाही म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. जाताना त्यानं मुलीसाठी बूट शिवून ठेवले होते, वाढत्या मापाचे. अख्ख्या वर्गात बूट घालणारी पोपट एकटी. बाकीच्यांच्या पायांना फडकी गुंडाळलेली. त्यामुळे तिच्यावर प्रेम करणारं कोणी नव्हतं हे वेगळं सांगायला नको.

पोपट आपली रोजनिशी आपणच लिहायची. आज आईनं इस्त्री केली. काल आईनं इस्त्री केली होती. उद्या आई इस्त्री करील.

"तिन्ही काळ बिनचूक आहेत," बाई म्हणाल्या, "पण माणूस कुठे आहे यात? वाटी खाली ठेव."

असं तीन-चार वेळा झालं. पोपट भिंतीला टेकून उभी राहायची, आणि बाकीच्या मुली तिच्यासमोर मुद्दाम आवाज करून सूप भुरकायच्या. एकजण म्हणाली, "बूट शिजव की. चांगलं कातडं आहे." शेवटी एका शुक्रवारी पोपटनं आपला अर्धा पाव बोरूच्या हातावर ठेवला.

"विरजण?" बोरू म्हणाली.

पोपटनं खूप विचार केला. तिच्या आईनं तिला घरातलं काहीही बाहेर बोलायचं नाही अशी सक्त ताकीद दिली होती. पण भूकही होती. मग प्रत्येक शब्द जपून ठेवत ती म्हणाली, "बाबा घोरायचे. इतके, की खिडकीची काच थरथरायची. आई म्हणायची, उशी दाबीन हां तोंडावर."

घोरायचे, थरथरायची, म्हणायची. तिन्ही वेळा भूतकाळ.

बोरू घरी जाऊन लिहायला बसली. पान छान उतरलं, पण तिला काहीतरी कमी वाटत होतं. घोरायचे, थरथरायची. लांबचं वाटत होतं, पेटीत घडी करून ठेवल्यासारखं. तेव्हा लिहिणाऱ्यांना जो मोह होतो तो तिलाही झाला. काळ बदलला. बाबा घोरतात. काच थरथरते. आई म्हणते, उशी दाबीन हां. लगेच खोलीत माणूस झोपल्यासारखं झालं. बोरू खूश झाली, अर्धा पाव आईबरोबर खाल्ला, आणि शनिवारी प्रार्थनेच्या रांगेत वही पोपटच्या हातात दिली. पोपटला ती उघडून बघायलाही सवड मिळाली नाही.

बाईंनी ते पान वर्गात मोठ्यानं वाचलं. वाचता वाचता थांबल्या आणि लाल टाक उचलला.

"पान सुंदर आहे. पण काळ चुकला. पोपट, उभी राहा. तुझे वडील नाहीत. मग घोरतात कसे?"

वर्ग हसला. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, भूतकाळ म्हणजे भुताचा काळ ना? मग भूत घोरत असेल." आता तर बाईसुद्धा हसल्या. पोपट उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचं रक्त कुठल्या कुठे गेलं होतं. बाईंनी वही सोमवारी दुरुस्त करून घेऊ म्हणून ठेवून घेतली. पान चांगलं म्हणून त्या दिवशी पोपटला सूप मिळालं. तिनं वाटी तशीच शेजारणीला दिली. शेजारणीनं ती संपवली आणि वर विचारलं, "भुताला नाही का न्यायचं?"

दुपारी चिंध्यांच्या शेडमध्ये पोपट बोरूच्या शेजारी येऊन बसली. मान खाली घालून बटणं काढता काढता म्हणाली, "बाईंना सांग की ते तू लिहिलंस."

"वेडी का काय?"

"सांग की काळ तू बदललास. मी घोरायचे म्हटलं होतं. म्हटलं होतं का नाही?"

"म्हटलं होतंस."

"मग तेवढंच सांग."

"माझं सूप जाईल. बाकीच्यांच्या वह्या मीच लिहिते ते कळलं तर सगळ्याच जातील उपाशी, आणि मला चिंध्यांसारखं पिंजतील. मेलेला बाप घोरला तर तुझं काय जातं गं?"

पोपटनं पुढचा सदरा मांडीवर घेतला. आणि बोरू काही बुद्दू नव्हती. ती पोपटच्या तोंडाकडे बघत होती, मग तिची नजर खाली गेली, पोपटच्या बुटांवर. बूट जुने, पण टाचेचा टाका नवा होता. दोरा मेण लावलेला, पांढराशुभ्र. मोची कधीचा गेलेला, इस्त्रीवालीला सुईत दोरा ओवता येत नाही हे गल्लीला माहीत, आणि टाका असा ओळीत, असा घट्ट, की बघत राहावं.

पोपटनं तिची नजर ओळखली आणि पाय झग्याखाली ओढून घेतले.

"बघते," बोरू म्हणाली.

बघते म्हणजे काय, ते आपल्याला कोणी सांगायला नको. मी स्वतः उभ्या आयुष्यात बघतो म्हटलेलं एकही काम केलेलं नाही. पण बोरूच्या बघते या शब्दावर इस्त्रीच्या कपाटामागे लपून झोपलेल्या एका माणसाची मान होती, आणि हे आता तिला माहीत होतं. रविवारी ती दिवसभर आईचं खोकणं ऐकत बसली. सूप गेलं तर आईचा अर्धा पाव एवढ्यावर दोघींनी जगायचं होतं.

सोमवारी पोपट बूट न घालता आली. पायांना फडकी गुंडाळून, इतरांसारखी. मुलींना तेवढंच निमित्त. "भुतानं मागून घेतले वाटतं," एक म्हणाली. बाईंनी तिला पुढे बोलावलं. आज त्या हसत नव्हत्या.

"हे पान तूच लिहिलंस?"

पोपटनं एकदाच बोरूकडे बघितलं. सगळा वर्ग खाली मान घालून बसला होता, कारण वर्गातल्या जवळजवळ सगळ्या वह्यांचं पितळ उघडं पडणार होतं. बोरूसुद्धा खाली बघत होती. तिच्या बाकावर कोणीतरी चाकूनं एक कोंबडी कोरली होती, ती बघत होती.

"हो," पोपट म्हणाली.

"मग सांग. घोरतात का घोरायचे?"

"घोरायचे."

"मग घोरतात का लिहिलंस?"

"चुकून."

बाईंनी ते पान पुन्हा वाचलं. मग जरा हळू म्हणाल्या, "तू काळात कधी चुकत नाहीस."

एवढंच. छडी नाही, शिक्षा नाही. टाक उचललाही नाही. वही मिटून त्यांनी पिशवीत घातली आणि पोपटला म्हणाल्या, "जा बाळ, बस." बाईंनी कोणाला बाळ म्हटलेलं त्याआधी कोणी ऐकलं नव्हतं. मधल्या वेळेत त्या समोरच्या लष्कराच्या कचेरीत जाऊन आल्या. काय बोलल्या ते त्यांनाच माहीत. पुढे त्या म्हणायच्या, मी फक्त शंका विचारायला गेले होते, व्याकरणाची.

शिपाई भर दुपारी आले. लपलेला माणूस झोपणार कधी, तर दुपारी, इस्त्रीच्या आवाजात. कपाट सरकवलं तेव्हा मोची भिंतीला पाठ लावून उभ्या उभ्याच झोपला होता. घोरत होता का? आता विचाराल तर गल्लीतला प्रत्येकजण सांगतो, तर तर, जिन्यापर्यंत आवाज यायचा. त्या वेळी मात्र सगळे ठार बहिरे होते. शिपायानं विचारलं, हा कोण? इस्त्रीवाली म्हणाली, गिऱ्हाईक आहे, सदरा न्यायला आलंय. हे ऐकून एक शिपाई एवढा हसला, की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मग त्यानं गरम इस्त्री उचलली आणि तिच्या हातावर ठेवली, गिऱ्हाइकाचं नाव आठवावं म्हणून.

मोच्याला चौकातल्या दिव्याच्या खांबाला लटकवलं, अनवाणी, गळ्यात ‘लढाईतून पळालेला’ अशी पाटी अडकवून. पोपटला सुपाच्या रांगेतून उचललं. तिची वाटी भरली होती, ती खाली सांडू नये म्हणून तिच्या मागच्या मुलीनं चटकन धरली. मायलेकींना त्याच दुपारी मालगाडीत घातलं. त्या कुठे गेल्या ते कळलं नाही, आणि कोणी विचारायलाही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बोरू बूट घालून शाळेत आली.

त्या आठवड्यात साऱ्या शाळेला ओळीनं चौकात नेऊन खांब दाखवला, आणि हुकूम सुटला की रोजनिशीत त्याबद्दल लिहायचं. मुली नेहमीप्रमाणे वह्या घेऊन बोरूकडे आल्या. तिनं लिहिलं. प्रत्येकीचं वेगळं, प्रत्येकीच्या अक्षरात. एकीला अभिमान वाटला, एकीला थंडी वाजली, एकीला घरी आल्यावर आजीनं कुशीत घेतलं. एका वहीत एवढंच होतं, की ऊन छान पडलं होतं. या खेपेला विरजण कोणीच दिलं नाही, आणि बोरूनंही मागितलं नाही.

लढाई संपली. दुसरे जिंकले. पण पुस्तक निघायचं थांबलं नाही, फक्त प्रस्तावनेत कोणाचा विजय ते बदललं. समारंभ झाला, व्याकरणबाईंना शाल मिळाली, पाहुण्यांनी आजीचं मोजे विणणं वाचून दाखवलं आणि सभागृहात हुंदके ऐकू आले. तुम्ही ते पुस्तक शाळेत वाचलं असेल, निदान धडा तरी. त्यातल्या वेगवेगळ्या शूर मुली एकाच मुलीनं अर्ध्या पावावर लिहिल्या आहेत. पोपटचं पान त्यात नाही.

बोरूची आई लढाई संपायच्या आत गेली. बोरूनं एका शिंप्याशी लग्न केलं आणि आयुष्यभर काज केले. ती कधीही काही लिहिताना दिसली नाही. रेशनच्या कचेरीत अंगठा उठवायची. कारकून म्हणायचा, "मावशी, सही शिका आता, सोपी असते." ती म्हणायची, "या वयात कुठे बाळा."

तिचा नवरा गमत्या माणूस. सांगायचा, "आमचा धंदा माझ्या नाकावर चालतो. मी घोरायला लागलो की ही उठून काज करायला बसते. सकाळी गिऱ्हाइकाचं काम तयार." लोक हसायचे. ती दोरा दातांनी तोडायची.

आता त्या बुटांचं. बोरूनं कोणाला काही सांगितलं नव्हतं, आणि तिला कोणी काही दिलंही नव्हतं. मायलेकींना नेल्यावर तळमजल्याची खोली उघडी पडली. शेजारणी इस्त्री आणि भांडी न्यायला धावल्या, त्यांच्यातच बोरू आत गेली. पोपटचे बूट पलंगाखाली होते. तिनं ते घेतले. थंडी होती आणि तिच्याकडे बूट नव्हते.